मी येईपर्यंत सांभाळ

१

सुट्टीत माणसं आराम करतात म्हणे. आमची सुट्टी म्हणजे कारखान्यातली पाळीच होती. सकाळी उठायचं, लॉजवालीनं दिलेला चहा-पाव खायचा, जीपमध्ये बसायचं, जीपवाला सोडेल तिथं उतरायचं, ओल्या पायवाटेनं चालायचं, लोखंडी कठड्याला टेकून पाणी पडताना बघायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा डोंगर, दुसरं पाणी. मी धाकटीला म्हटलंसुद्धा, "अगं, पाणी वरून खाली पडतं. यात रोज नवं काय बघायचं?"

"तू गप बस आणि बघ," ती म्हणाली. "जन्मभर कापडच बघितलंस."

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी धाकटीच. आम्ही दोघी एकाच कापड कारखान्यात, विणकाम खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर उभ्या राहिलो. मी चौथी शिकलेली, ती सातवी, पण मागाला त्याचं काही नसतं. तिचा नवरा गेला, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, म्हणून एकाच खोलीत राहायला लागलो. सकाळी मी चहा टाकायचा, तिनं गाद्या गुंडाळायच्या. भांडायचो, अबोला धरायचो, आणि मग एकीला खोकला आला की दुसरी काढा करायची. संसार म्हणजे आणखी काय असतं?

मग कारखाना बंद पडला. आणि तिच्या मुलानं तिला कायमचं स्वतःकडं बोलावलं. तिला. मला नाही. त्याचं घर लहान, पोरंबाळं मोठी होतायत, त्याला नावं ठेवत नाही मी. ही डोंगरावरची सहलही त्यानंच ठरवून दिली होती. सहल संपली की लॉजखालच्या थांब्यावरून एक बस त्याच्या गावाला जाते आणि एक आमच्या. धाकटी कोणत्या बसमध्ये बसणार, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. ती अधूनमधून माझ्या तोंडाकडं बघायची. "राहा माझ्याजवळ" एवढंच म्हणायचं होतं मी. पण माझ्या जिभेवर शिव्या पटकन येतात, असले शब्द येत नाहीत.

२

आता हातांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

विणकाम खात्यात शेकडो माग एकदम चालतात. आडवा धागा नेणारे धोटे असे आपटतात की शेजारची बाई किंचाळली तरी नुसतं उघडं तोंड दिसतं. म्हणून तिथं सगळ्या हातांनी बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. नाकाखाली बोट फिरवलं म्हणजे मुकादम आला. त्या मुकादमानं मिशी काढून जमाना झाला होता, खूण तीच राहिली. दोन बोटं एकमेकांवर घासली म्हणजे तार, म्हणजे धागा, तुटला. एक बोट उभं धरून मनगट फिरवलं म्हणजे, एकटीच आहेस का? जोडीदारीण असेल तर दोन बोटं जोडून दाखवायची.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, पंजा छातीवर ठेवायचा आणि मग बोट खाली, आपल्या मागांकडं. मी येईपर्यंत माझे माग सांभाळ. समोरचीनं उघडा पंजा खांद्याएवढा वर केला की झालं, पहिली मोकळी. ती मोरीवर जाईल, पोराला पाजून येईल, काय ते. पण जिनं पंजा वर केला ती जागा सोडत नाही. पोटात कळ आली तरी नाही. आणि गेलेली परत येतेच, कारण तिचे माग दुसरीच्या जिवावर चालू असतात. पंजा वर करणारीला खरंच जमत नसेल, तर तिसरीनं मध्ये येऊन उभं राहायचं आणि आपला पंजा वर करायचा. मग आधीची सुटते. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मोडलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

त्या आवाजानं आमचे कान गेले. धाकटीचे अर्धे, माझे जवळजवळ पुरते. मी कानात यंत्र घालते. जीपवाला इतका बडबड्या, की जीपमध्ये बसलं की मी ते काढून खिशात टाकायची. धबधब्यापाशीही काढायची, कारण तिथं ते कोंबड्यासारखं ओरडतं. मग आम्ही दोघी कठड्यापाशी हातांनी गप्पा मारायचो. बाकीचे लोक एकमेकांच्या कानात ओरडून घसे बसवून घेत होते आणि आमची तिथं धुणी धुवून होत होती. एका बाईला आम्ही मुक्या वाटलो. तिनं डोळ्यांत पाणी आणून आम्हाला केळी दिली.

धाकटीनं घेतली. वर खूण करून मला सांगितलं, आणखी केविलवाणं तोंड कर, तिच्या पिशवीत सफरचंदंही आहेत.

३

त्या दिवशीचं पाणी मोठं होतं. उंचावरून पडून खाली डोहात फुटत होतं आणि तुषारांचा असा धूर, की पलीकडची कडा मधूनच दिसायची, मधूनच जायची. मी कठड्याला टेकून उभी होते. कानातलं यंत्र खिशात. आवाज ऐकू येत नव्हता, पण तळपायातून वर चढत होता. खात्यातल्या फरशीवर उभं राहिल्यासारखं वाटलं मला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कारखाना बंद झाल्यापासून माझे पाय गप्प होते.

धूर जरा विरला. पलीकडच्या कडेवर धाकटी उभी दिसली. लॉजवालीनं दिलेला रेनकोट, डोक्यावर टोपडं. म्हटलं, ही बया पलीकडं गेली कशी?

तिनं एक बोट उभं धरलं आणि मनगट फिरवलं. एकटीच आहेस?

हिला आता थट्टा सुचतेय, असं वाटलं मला. मी दोन बोटं जोडून दाखवली. नाही गं बाई, दोघी आहोत.

ती नुसती उभी राहिली, माझ्या जोडलेल्या बोटांकडं बघत. आणि तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी कोपरानं ढोसलं. वळून बघते तर धाकटी. मागच्या टपरीवरून आलेली, दोन्ही हातांत वाफाळलेले चहाचे पेले.

"कुणाशी बोलतेस?" तिनं ओठांनी विचारलं. हात मोकळे नव्हते तिचे.

मी पलीकडं बघितलं. नुसता धूर.

४

मी काही घाबरट बाई नाही. चालू मागात केस अडकलेली बाई मी माझ्या हातांनी सोडवली आहे. खोलीवर आल्यावर मी पलंगावर बसून नीट विचार केला. असला विचार करायला चौथी पुरते.

तसला रेनकोट लॉजमधल्या सगळ्यांनाच दिलाय. म्हणजे कुणीही असेल. बोट दाखवून मनगट फिरवलं, हे तर कुणीही करील, फोटो काढतानासुद्धा करील. मी कारखान्यातली म्हणून मला त्यात खूण दिसली. सुताराला सगळीकडं लाकूड दिसावं तसं. झालं. संपलं.

लॉजवाली चादरी बदलायला आली. जाडजूड, कपाळावर कायम आठी, पण मनानं बरी. हाताखाली बाई टिकत नाही म्हणून रोज रडायची. मी चादरीचं दुसरं टोक धरलं, उगाच बसवत नाही म्हणून. धरता धरता विचारलं, "त्या मोठ्या पाण्याच्या पलीकडं जायला वाट कुठनं आहे?"

"पलीकडं?" तिनं चादर झटकली. "पलीकडं काय आहे? उभा कडा आहे. पक्ष्याला बसायला जागा नाही तिथं."

मी कोपरा घडी घालून गादीखाली खोचला. नीट बसेना, म्हणून परत काढून परत खोचला.

"तुमचा हात चांगला आहे हो," लॉजवाली म्हणाली. "राहता का इथंच माझ्या हाताखाली?"

धाकटी खिडकीशी बसून स्वेटरचं बटण लावत होती. हसली. "तिला ठेवून घ्याल तर पस्तावाल. गिऱ्हाइकं पळवून लावील."

५

दुसऱ्या दिवशीचं पाणी वेगळ्याच डोंगरात होतं. रुंद, सपाट कड्यावरून एकसारखं उतरणारं. बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, हे तर कापड आहे." खरंच तसं होतं. पांढरंशुभ्र, ताणून धरलेलं, वरच्या कडेपासून खालच्या दगडांपर्यंत. धाकटी जरा खाली उतरून पाण्यात पाय बुडवून बसली होती. मी वर कठड्याशी.

जन्मभर चुका शोधल्या की डोळा आपसूक चुकीवर जातो. त्या पाण्यात एक काळी रेघ होती. वरून खाली, सरळ. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तार तुटला की कापडावर अशीच रेघ उतरत जाते. कुणी तिकडं पाहत नव्हतं. लोक फोटो काढत होते. माझी बोटं मात्र शिवशिवायला लागली, कारण तुटलेला तार दिसला की बाई स्वस्थ उभी राहूच शकत नाही. तो ओढायचा, गाठ मारायची, माग चालू करायचा.

म्हटलं, मध्ये दगड आला असेल. दगडानं पाणी फाटतं.

मग त्या रेघेत मला हात दिसले. बाकी काही नाही, कोपरापासून पुढचे दोन हात. रेघेच्या वरच्या टोकाशी ते काहीतरी करत होते. घाई नव्हती त्यांना. एक बोट आत, अंगठा वरून, झटका. मी डोळे मिटून ओळखीन ती गाठ. आणि रेघ वरून मिटत मिटत खाली आली. पाणी पुन्हा सलग झालं.

सलग झालेल्या पाण्याच्या एका बाजूला, जिथं नुसता ओला कडा होता, तिथं ती उभी होती. आज रेनकोट नव्हता. कपड्याचा रंग सांगता येणार नाही, ओल्या दगडाचा असतो तसा. तिनं बोट लांब केलं. माझ्याकडं नाही. खाली, पाण्यात पाय हलवत बसलेल्या माझ्या बहिणीकडं. मग पंजा उलटा करून रिकामा दाखवला.

ती मोकळी आहे का?

खात्यात कुणी काही विचारलं आणि दुसरीनं उत्तर दिलं नाही, तर तो अपमान धरतात. वर्षानुवर्षं तोंड बघत नाहीत. मी माझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि मुठी आवळल्या. तिच्याकडं बघत उभी राहिले. ती पण बघत राहिली. रागानं बघत होती म्हणाल, तर नाही. पाळी संपली तरी बदली न आलेली बाई दाराकडं बघते ना, तसं बघत होती.

मी खाली उतरले, धाकटीचा दंड धरला आणि ओढतच जीपकडं नेली. चपला हातात घेऊन ती माझ्या मागं लंगडत येत होती आणि मला कारखान्यातल्या एकूण एक शिव्या ऐकवत होती. ऐकवत होती म्हणजे, मोकळ्या हातानं दाखवत होती.

६

"काय झालंय तुला?" संध्याकाळी खोलीत तिनं विचारलं.

"काही नाही. घसरली असतीस."

"मी काय लहान आहे?"

"धाकटी आहेस."

ती माझ्या पलंगावर येऊन बसली. मी कानात यंत्र घातलं होतं, म्हणून तिचा आवाज नीट आला. "ताई, पोराला उद्या काय ते सांगायचंय. उद्याच बस आहे. तुला काही म्हणायचं नाही?"

मला म्हणायचं होतं. पण मला दुसरंच दिसत होतं, तिच्याकडं रोखलेलं ते बोट. मी म्हटलं, "उद्या बस येईपर्यंत खोलीतून हलायचं नाही. सामान बांधायचं."

"लॉजच्या मागचा छोटा धबधबा राहिलाय की. पाच पावलांवर तर आहे."

"बघितलंस तेवढं पाणी पुरे."

"मी काय विचारते आणि तू काय बोलतेस," धाकटी म्हणाली. उठली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

मी मोरीत जाऊन नळ घट्ट पिळला. टपटप बंद झाली. कानातलं यंत्र काढलं. तरी टपटप तळपायाला लागत होती.

७

सकाळी मी बॅगेची चेन लावत होते. चेन अडली, तिच्याशी झटापट करत बसले. यंत्र टेबलावर. मान वर करून बघते तर धाकटीचा पलंग रिकामा, दार उघडं, खुंटीवरचा रेनकोट नाही.

मी अनवाणी धावले. लॉजच्या मागं, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखालून, झाडीतून. पायवाट गुळगुळीत होती. दोनदा पडले. दुसऱ्यांदा गुडघा फुटला, तो अजून नीट वाकत नाही.

तिथलं पाणी लहानसंच. घराच्या दोन मजल्यांएवढं. कुणाला भीती वाटावी असं काही नव्हतं. कठडा होता, एक बाक होता, बाकावर कुणाची तरी विसरलेली बाटली. धाकटी माझ्याकडं पाठ करून कठड्याशी उभी होती. तिचा उजवा हात खांद्याएवढा वर होता. पंजा उघडा.

पलीकडं, पाण्याच्या कडेला, त्या बाईचा हात छातीवरून खाली येत होता.

मी धाकटीच्या शेजारी पोचले. तिचं तोंड बघितलं. ती हसत होती, ओळखीच्या माणसाला बघून हसतात तशी, अगदी सवयीनं. पण डोळे हसत नव्हते. त्यांना कळलं होतं. ती हात खाली घ्यायला बघत होती आणि हात येत नव्हता. दंडाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "ताई," तिचे ओठ म्हणाले, "आपल्या कारखान्यातली आहे ना गं ही?"

मी विचारही केला नाही. लोक म्हणतात की अशा वेळी फार विचार येतात डोक्यात. मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. मी दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले, धाकटीला पाठीशी घातलं आणि माझा पंजा वर केला.

माझ्या मागं धाकटीचा हात धपकन खाली पडला.

पलीकडच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. तोंड कसं होतं विचाराल तर सांगता येणार नाही. ओठ होते. ओठ मी वाचले. "येते हं," ती म्हणाली.

आणि ती जागेवरून हलली. ती हलली तेव्हा तिच्या मागचं पाणी क्षणभर उघडं पडलं. आत लांबच लांब जागा होती, आमच्या खात्यासारखी, पण शेवट न दिसणारी. आत सगळं चालू होतं. सगळं हलत होतं, आपटत होतं, वरून खाली पांढरं उतरत होतं. आणि एवढ्या सगळ्यापाशी माणूस म्हणून एकही नव्हतं. ती एकटी होती इतका वेळ.

पाणी मिटलं.

८

परत येताना धाकटी माझा हात धरून चालत होती. गार पडला होता तिचा हात. खोलीत आल्यावर मी यंत्र कानात घातलं, आणि ती पहिलं वाक्य बोलली ते असं:

"मी नाही जात पोराकडं. मी तुझ्याबरोबर येणार. काल तू विचारशील म्हणून वाट बघत होते. नाही विचारलंस. मरू दे. मीच सांगते."

एवढं मला हवं होतं. कारखाना बंद झाला त्या दिवसापासून हवं होतं. ते मिळालं तेव्हा माझा उजवा पंजा खिशात आपोआप उघडत होता, आणि लॉजच्या मागून तळपायाला सांगावा येत होता, की चल, उभी राहा, जागा रिकामी आहे.

खरं सांगितलं असतं तर ती राहिली असती. ती तसलीच आहे. माझ्या शेजारी उभी राहिली असती, पूर्वी उभी राहायची तशी. आणि त्या आतल्या जागेत आणखी कितीतरी मागांपाशी बाई नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या उरावर बसायला कुणी सांगितलं तुला?"

नीट ऐकू आलं नाही असं वाटून ती माझे ओठ वाचायला पुढं वाकली.

"आयुष्यभर तुझं केलं. आता मला मोकळं सोड. मी इथंच राहणार आहे. लॉजवालीला बाई हवी आहे, माझं बोलणं झालंय."

"खोटं."

"जाऊन विचार."

ती गेली. लॉजवालीनं काय सांगितलं कोण जाणे, परत आली तेव्हा तिचं तोंड आवळलेलं होतं. बॅग उचलली. बसच्या थांब्यापर्यंत मी मागं, ती पुढं. मला शेवटी एवढं म्हणाली, "तुला माणसं नकोच असतात, ताई. मीच मूर्ख." मी म्हटलं, "हो, आहेसच." असं बोलायला मला जीभ रेटावी लागत नाही, हे एका परीनं बरं झालं.

ती पलीकडच्या खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती, मी मान उंचावून नीट बघून घेतलं. बस निघाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

तो रस्ता घाटाचा. बस खाली जाऊन वळते आणि त्याच डोंगराच्या पोटाशी परत दिसते, आता दुसरी बाजू आपल्याकडं. मी तिथंच उभी होते. बस दिसली. खिडकी दिसली. धाकटी बाहेर बघत नव्हती. शेजारच्या जागेकडं वळून बसली होती. तिनं हात वर केला, आणि मला इतक्या लांबूनही स्पष्ट दिसलं. दोन बोटं, जोडलेली.

नाही, एकटी नाही. दोघी आहोत.

मी ओरडले. धावले. फुटलेल्या गुडघ्यानं, रस्त्याच्या मधून. आणि थोडी पुढं गेले असेन, तर तळपाय एकदम गप्प झाले. खात्यातले सगळे माग एकदम थांबले की असं होतं. ते फक्त एकाच कारणानं थांबतात, कुणीतरी आत ओढलं गेलं की.

मी जागच्या जागी उभी राहिले. आणि मला नियम आठवला. नियम दोन्हीकडून असतो. मी जागा सोडली नाही, तर गेलेलीला परत यावं लागतं, आणि येताना जे तिचं नाही, म्हणजे माझी धाकटी, ते जिथल्या तिथं सोडून यावं लागतं. मी जागा सोडली, तर तिला कशाचंच बंधन नाही.

मी वळले. एकेक पाऊल मागं टाकलं, तसं पायाखालचं सगळं परत सुरू झालं.

९

म्हणून मी इथं आहे, थांब्याच्या पुढं पाऊल टाकत नाही. सकाळी चादरी धुते, लॉजवालीच्या शिव्या खाते, दुप्पट परत देते. काम झालं की मागच्या पाण्यापाशी जाते आणि कठड्याला टेकून उभी राहते. गिऱ्हाइकं मला वेडी समजतात. समजोत. एकानं माझा फोटो काढायला बघितलं, त्याला पाण्यात ढकलीन म्हटलं.

मधूनच पाण्यात रेघ पडते. मी बघत राहिले की मिटते. कशी मिटते ते मी स्वतःलाही विचारत नाही. माझ्या बोटांची टोकं मात्र कायम सुरकुतलेली असतात, दुपारभर धुणं धुतल्यासारखी, ज्या दिवशी धुणं नसतं त्या दिवशीसुद्धा.

भाच्याला फोन करते. तो म्हणतो, "मावशी, आई मजेत आहे गं. आधी वाटलं होतं, तुझ्यावाचून करमणार नाही तिला. पण कधी एकटी वाटतच नाही. खोलीत बसून हातवारे करत असते, जुनी सवय."

"बाकी काही?"

"बाकी काय? तिच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. नवी भिंत, नळ नाही की पाईप नाही. वरून खाली एक काळी रेघ. गवंडी येऊन बघून गेला, त्यालाही कळेना."

मी म्हटलं, "आईला सांग, कुणी काही विचारलं तर हात खिशात घालायचे."

तो हसला. "मावशी, तू म्हणजे ना." त्यानं फोन तिच्याकडं नेला. ती बोलली नाही. रुसलीय अजून. नुसता श्वास ऐकू आला, आणि त्याच्या मागं, लांब, माझ्या यंत्राला कोंबड्यासारखं ओरडायला लावणारा तो आवाज.

कठड्यापासून खालचा रस्ता दिसतो. बस येऊन थांबली की मी मान तेवढी वळवते, पाय हलवत नाही. सहलीचे लोक उतरतात, पोरं, पिशव्या, छत्र्या. एकटी बाई उतरताना दिसली की आधी तिची चाल बघते. धाकटी आली तर माझ्या पुढं उभी राहून आपलाच पंजा वर करील. माझ्या बहिणीसाठी माझा जीव तुटतो, आणि मी कुणाजवळही कधी काही मागितलं नाही. आता रोज एवढंच मागते, की बसमधून उतरून पायवाटेनं वर येणारी ती बाई माझी बहीण नसावी.

आजची बस आत्ताच वळणावर दिसली. पंजा वरच आहे माझा.